भरतीचें गणित आणि किनाऱ्यावरील पाहुणे पक्षी

श्रावण-भाद्रपदांतच उत्तरेकडील पाहुणे पक्ष्यांच्या पहिल्या तुकड्या कोंकणच्या किनाऱ्यावर येऊन उतरतात. परंतु पाऊस ओसरून आकाश निवळतें तें आश्विनांत, आणि पक्षी पाहण्यास जाण्याचा खरा हंगाम तोच. शहरांतील पुष्कळ मंडळी चार मित्र जमवून, दुर्बीण घेऊन अशा एखाद्या निवांत किनाऱ्यावर जातात, आणि दूरवर हलणाऱ्या ठिपक्यांखेरीज कांहीं न पाहतां परततात. याचें कारण एवढेंच कीं, जाण्याचा दिवस सुटी पाहून ठरविलेला असतो, समुद्राला विचारलेलें नसतें.

दापोली तालुक्यांत हर्णै आणि आंजर्लें यांच्या मध्यें जोग नदीची खाडी समुद्रास मिळते. ओहोटीच्या वेळीं अशा खाडीच्या मुखाशीं चिखलाचा व वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्यांत किडे, शिंपले, लहान खेकडे यांची वस्ती असते, आणि तेंच या पाहुण्यांचें अन्न. चिखल्याची चोंच आंखूड. तो भक्ष्य डोळ्यांनीं हेरतो व धांवत जाऊन टिपतो. तुतवाराची चोंच त्याहून लांब. तो चिखलांत टोंचे मारीत चालतो. कर्ल्यूची चोंच बोटाहून लांब व कोयत्यासारखी वाकडी. तो खोल बिळांतील जीव ओढून काढतो. म्हणून एकाच पंगतीस बसूनहि त्यांच्यांत फारसा तंटा होत नाहीं.

भरती चढूं लागली म्हणजे ही पंगत आवरते. पक्षी मागें सरत सरत किनाऱ्याजवळ येतात व शेवटीं उंच कोरड्या वाळूवर थव्यानें विसावतात. म्हणून भरती पुरी होण्यापूर्वींचे दोन तास सर्वांत उत्तम. ती वेळ काढण्याची कोळ्यांची युक्ति सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येस अकरा-बाराच्या सुमारास पाणी भरतें. अर्थात्‌ अष्टमीस ऐन दुपारीं ओहोटी. पक्षी दूर, आणि तापलेल्या वाळूवरील हवा थरथरत असल्यामुळें दुर्बिणींतूनहि नीट दिसत नाहीं. कोजागरीच्या सुमारास मात्र सकाळीं नऊ ते अकरा या वेळांत पक्षी आपण होऊन जवळ येतात.

हे पाहुणे किती लांबून आलेले असतात! वाकड्या चोंचीचा तुतवार सैबेरियाच्या उत्तर टोंकास, तर तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियांतील उंच पठारावरील सरोवरांकांठीं घरटें करतो. या तुतवारांत आईबाप आधीं निघतात. पिलें मागाहून, वाट दाखविणारें कोणी नसतां, येतात. असल्या पिलांची शक्ति किती असावी? अलास्कांत यंत्र बसविलेला अवघ्या ५ महिन्यांचा एक गॉडविट पक्षी ऑक्टोबर २०२२ मध्यें ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबतां उडून तास्मानियास पोहोंचला.

अशा प्रवासाचें इंधन म्हणजे शरीरांत सांठविलेली चरबी. फोटोसाठीं थवा मुद्दाम उडविणें, वाळूवर मोटार घालणें, कुत्रें मोकळें सोडणें, यांतील प्रत्येक गोष्टीनें ती व्यर्थ जळते. आणि ऐन भरतींत उडविलेल्या पक्ष्यांना दुसरी कोरडी जागाहि फारशी उरत नाहीं.

म्हणून सोबतीस चार-पांचच मित्र असावेत. कपडे मळकट रंगाचे असावेत. सूर्य पाठीशीं येईल अशा जागीं आधींच जाऊन बसावें. पक्ष्यांकडे चालत जाऊं नये. थव्यानें माना उंच केल्या कीं थांबावें व हळूंच मागें सरावें. एकानें पक्षी मोजावेत, दुसऱ्यानें तिथि, वेळ व संख्या लिहावी. ओळख पटविण्यास सलीम अलींचें १९४१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक जवळ असावें. एखाद्याच्या पायांत कडें दिसल्यास त्याचा रंग व अक्षरें टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावीं. १८८३ सालीं स्थापन झालेली ही संस्था पक्ष्यांना कडीं घालण्याचें काम करीत आली आहे. दरवर्षीं त्याच तिथीस, त्याच जागीं मोजणी केली, म्हणजे पाहुणे वाढले कीं घटले, हें त्या साध्या वहीवरूनच कळूं लागेल.