हेडफोनच्या पोटी जन्मलेला माइक

चंडीगडला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: हॉस्टेलवर मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो. सेक्टर 22 च्या मोबाइल मार्केटमध्ये ‘7.1 सराउंड’ छापलेला गेमिंग हेडसेट पाहिला, पण खिसा हलका आहे. साधा वायरचा हेडफोन आणि वेगळा कॉलर माइक घेतला तर चालेल का?

चालेल काय, धावेल. शत्रूची पावलं डावीकडे वाजली की उजवीकडे, हे मेंदू दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजातल्या फरकावरून ताडतो. वेळेचा फरक तर जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदांच्या आसपास. एवढ्यासाठी दोन स्पीकर पुरतात. ‘7.1’ म्हणजे म्हणायला चहूबाजूंनी आवाज देणारे अनेक स्पीकर, पण अशा बहुतेक खोक्यांतही दोनच निघतात. बाकीचे सॉफ्टवेअरच्या भरवशावर.

या फरकावरून आठवलं, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1950 च्या दशकात जेम्स वेस्ट हा कृष्णवर्णीय विद्यार्थी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये उन्हाळी उमेदवारीला गेला. तिथे नेमके याच फरकावर प्रयोग चालले होते. त्यांच्यासाठी पठ्ठ्याने पातळ प्लॅस्टिक पडद्याचे हेडफोन बनवले. त्यांना 500 व्होल्टची बॅटरी लागे. तो कॉलेजला परतल्यावर निरोप आला, आवाज मंदावलाय. तारा उलट जोडून पाहा, असं त्याने सांगितलं आणि आवाज परत आला! पडद्यातच विद्युतभार साठत होता. लोणच्यात मीठ मुरावं तसा तो पडद्यात कायमचा मुरवला, तर बॅटरी हवी कशाला? गेरहार्ड सेसलरबरोबर वेस्टने ते साधलं आणि 1962 मध्ये अशाच पडद्याचा इलेक्ट्रेट माइक तयार झाला. कॉलर माइकच्या टोकाला असतो तो बहुधा हाच. ग्रॅहॅम बेलचं नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं. वेस्ट आणि सेसलर मात्र परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून कुणाला ठाऊक नाहीत.

माइकच्या आतला हा मणी स्वस्त आणि महागड्या वस्तूंत बराचसा सारखाच असल्याने खरा फरक पडतो तो अंतराने. माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, पंख्याची घरघर आणि कीबोर्डची खडखड मात्र आहे तिथेच राहते. तेव्हा माइक टेबलावर ठेवू नका. कॉलरला, हनुवटीच्या थोडा खाली लावा. श्वासाची फुसफुस थेट त्यावर येऊ देऊ नका.

ब्लूटूथ हेडफोन आधीपासून असेल, तरी वेगळा माइक फायद्याचाच. ब्लूटूथचा स्वतःचा माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनांत गाण्यांचा मार्ग बंद होऊन फोन कॉलचा अरुंद मार्ग उघडतो आणि गेमचा आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो. शिवाय पावलं उशिरा ऐकू येतात ती वेगळीच. म्हणून वायरच बरी.

एक खबरदारी घ्या. लॅपटॉपला एकच भोक असेल तर हेडफोन आणि माइक वेगळे करणारा स्प्लिटर लागेल. गाणी दोघांना ऐकवणारा स्प्लिटर दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्यात माइक मुका राहतो. दुकानातच लावून, बोलून बघा.