एक वजन, दोन नावं

१९४८ साली ब्रिस्टल विद्यापीठात रोझमेरी ब्राऊन ही बावीस वर्षांची संशोधक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या तपासत होती. वैश्विक किरण टिपण्यासाठी या पट्ट्या आल्प्समध्ये, युंगफ्राऊयोखच्या जवळपास साडेतीन हजार मीटर उंचीवर ठेवल्या होत्या. विद्युतभारित कण पट्टीवरच्या रसायनाच्या थरातून गेला की त्याच्या वाटेवर चांदीचे काळे ठिपके उमटतात. कण मंदावेल तसे ते दाट होतात. या दाटीवरून आणि वाट किती थरथरते त्यावरून कणाचं वजन काढायचं. एका पट्टीत तिला एक रेघ थबकलेली दिसली आणि तिच्या टोकातून तीन रेघा फुटलेल्या. तिन्ही एकाच पातळीत! थांबलेल्या कणाचे नेमके तीनच तुकडे झाले, तर ते एका पातळीतच उडणार. म्हणजे न दिसणारा चौथा कोणी निसटला नव्हता. तुकडे होते पायॉन नावाचे कण, आणि फुटलेल्या कणाला नाव मिळालं टाऊ. (आजचा टाऊ लेप्टॉन निराळा, नाव तेवढं पुन्हा वापरात आलं.)

लग्नानंतर रोझमेरीची पीएच.डी. अर्धवट राहिली. ब्रिस्टल विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती २०२४ साली, वयाच्या ९८व्या वर्षी.

टाऊ सापडला त्याच सुमारास दोनच पायॉनांत फुटणारा आणखी एक कण सापडला होता. त्याला थीटा म्हणू लागले. मोजमापं सुधारत गेली तसा पेच वाढला. दोघांचंही वजन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ९६६ पट. आयुष्यही सारखंच, सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास. मग हा एकच कण, कधी दोन तुकडे होणारा, कधी तीन, असं कुणीही म्हणालं असतं. पण आरसा आड येत होता.

पुंजभौतिकीत प्रत्येक कणाला आरशातल्या वागणुकीचं एक चिन्ह असतं, अधिक किंवा उणे. त्याला पॅरिटी म्हणतात. पायॉनचं चिन्ह उणे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड डॅलिट्झ यांनी टाऊच्या तीन तुकड्यांनी ऊर्जा कशी वाटून घेतली याचे ठिपके एका आकृतीत मांडले. उदाहरणं साठत गेली तसा निष्कर्ष पक्का होत गेला: टाऊची फिरकी (स्पिन) शून्य, चिन्ह उणे. शून्य फिरकीचा कण दोन पायॉनांत फुटला, तर मात्र चिन्ह अधिक येतं. फुटण्यापूर्वी आणि नंतर चिन्ह बदलत नाही, हा नियम अशा फुटण्याच्या बाबतीत तेव्हा कुणी तपासलेलाही नव्हता, इतका तो गृहीत होता. म्हणून कण दोन ठरले.

वजनांच्या अशा सारखेपणाला भौतिकीत ‘डिजनरसी’ म्हणतात. शब्दकोशात पाहाल तर अर्थ निघेल अध:पतन! निसर्गात हा सारखेपणा फुकट मिळत नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची वजनं हजारात जेमतेम दीड भागाने वेगळी आहेत आणि त्यामागे प्रबल बलाची एक सममिती आहे. टाऊ-थीटामागे कोणती?

१९५६ साली त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच जड मेसॉनांच्या, म्हणजे टाऊ-थीटासारख्या कणांच्या, समान वस्तुमानाविषयी होतं. उत्तर साहसी होतं: काही विचित्र कण विरुद्ध चिन्हांच्या जुळ्यांनीच जन्मतात असं माना. एका जुळ्याचं कोडं सोडवायला आणखी जुळी! मला हा निबंध त्यांच्या नंतरच्या यशापेक्षाही मोलाचा वाटतो. आरसा वाचवण्यासाठी हुशार माणसं किती लांब जातात, हे त्यात दिसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच दोघांचा दुसरा निबंध आला. कणांच्या अशा फुटण्यामागच्या दुर्बल बलात आरसा खरा असल्याचा पुरावा मुळात आहे कुठे, असं त्यांनी विचारलं आणि तपासायचे प्रयोगही सुचवले.

प्रयोग केला च्येन-श्युंग वू यांनी. वॉशिंग्टनला, तिथल्या नीचतापमान-तज्ज्ञांसोबत, कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शतांशाइतकं थंड करून त्याची अणुकेंद्रकं एका दिशेला वळवली. आरसा खरा असता तर कोबाल्टमधून निघणारे इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे निघायला हवे होते. ते फिरकीच्या उलट दिशेला जास्त निघाले. जानेवारी १९५७ मध्ये निकाल जाहीर झाला आणि त्याच वर्षी ली-यांगना नोबेल. वूंना नाही.

टाऊ आणि थीटा एकच ठरले. आज त्याला के-मेसॉन म्हणतात. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले एम. जी. के. मेनन ब्रिस्टलला याच कुळातल्या कणांच्या रेघा मोजत होते. १९५५ साली ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

गंमत अशी की या कुळात अगदी जवळच्या वजनांची एक जोडी खरोखरच आहे. विद्युतभार नसलेल्या के-मेसॉनांपैकी एक झटकन दोन पायॉनांत फुटतो. दुसरा सुमारे पावणेसहाशे पट जगतो आणि अनेकदा तीन पायॉनांत फुटतो. वजनांतला फरक एक कोटी कोटी भागांतला एक भागही नाही. तो कुठल्या काट्यावर तोललेला नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांपैकी एक किंचित उतरलेली असली की आवाज हेलकावे खातो आणि त्या हेलकाव्यांवरून तारांतला फरक कळतो. विद्युतभार नसलेला के-मेसॉन उडताना स्वत:च्या प्रतिकणात जातो, परत येतो, पुन्हा जातो. ही ये-जा मोजली, आणि फरक हाती आला.