मुरुडचे र. धों. आणि अनोळखी वाचकांचे प्रश्न

नीतीच्या प्रश्नांवर अनोळखी माणसांशी उघड वाद कसा घालावा, हे मी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडच्या माणसाकडून शिकलो. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी नोकरीही सोडली.

जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. त्यातली प्रश्नोत्तरं मला सगळ्यात मोलाची वाटतात. जे घरात बोलता येत नव्हतं, डॉक्टरला विचारायचा धीर नव्हता, ते वाचक पत्रानं विचारत. कर्वे नाक न मुरडता, पाप-पुण्याचा धाक न घालता, शास्त्राच्या आधारे उत्तर देत. किती धैर्य लागलं असेल!

अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात अशी उत्तरंच आरोपाचं कारण ठरली. कर्व्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका. कोर्टाला ती पटली नाही. दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्वे गेले त्या वर्षापर्यंत, निघत राहिलं.