किती पावसाळे पाहिले?

‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,’ असे वडीलधाऱ्यांनी म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो. अनुभवाला असा मान आहे, आणि तो असावाही. पण देशाचा प्रमुख निवडताना या पावसाळ्यांना किती वजन द्यायचे?

अमेरिकेत दर चार वर्षांनी हा प्रश्न नव्याने उभा राहतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी तिथल्या राज्यघटनेच्या मुख्य अटी तीनच : जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षांचे वास्तव्य. अनुभवाची अट नाही. ती पारख मतदारांवर सोपवलेली आहे.

१८५७ साली जेम्स ब्युकॅनन अध्यक्ष झाले. प्रतिनिधिगृहात दहा वर्षे, सिनेटमध्ये जवळपास तेवढीच, रशिया आणि ब्रिटनमध्ये देशाचे प्रतिनिधी, शिवाय परराष्ट्रमंत्री. याहून भरगच्च अनुभव कोणता? पण गुलामगिरीच्या प्रश्नावर देश फुटू लागला, तेव्हा ते म्हणाले, राज्यांना फुटण्याचा हक्क नाही आणि त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्राला नाही. ते पायउतार होण्यापूर्वीच सात राज्यांनी फुटून निघाल्याचे जाहीर केले होते. सुमारे ४० लाख गुलामांचे भवितव्य टांगणीला लागले होते.

त्यांच्यानंतर १८६१ मध्ये अब्राहम लिंकन आले. राष्ट्रीय पातळीवरचा त्यांचा अनुभव म्हणजे प्रतिनिधिगृहातली अवघी दोन वर्षे. १८५८ मध्ये ते सिनेटची निवडणूकही हरले होते. मात्र त्यांची पाटी कोरी नव्हती. इलिनॉयच्या विधिमंडळात आठ वर्षे आणि गावोगावच्या कोर्टांत वकिली करताना ते माणसे वाचायला शिकले होते. आपल्यापाशी काय नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी सीवर्ड आणि चेस यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले. दोघांनीही गव्हर्नर आणि सिनेटर म्हणून काम केलेले होते. युद्धशास्त्राची पुस्तके ग्रंथालयातून मागवून वाचली. सेनापती निभत नाही असे दिसले की बदलला, आणि अखेर १८६४ मध्ये सर्व सैन्याची धुरा ग्रँट यांच्याकडे दिली.

म्हणजे अनुभव नसलेलाच बरा, असे मात्र कोणी समजू नये. हेच युलिसिस ग्रँट १८६९ मध्ये अध्यक्ष झाले. त्यापूर्वी त्यांनी एकही निवडणूक लढवलेली नव्हती. रणांगणावर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कारभारात मात्र भलत्या माणसांवर विश्वास टाकला, आणि १८७५ मध्ये दारूवरच्या कराचा मोठा घोटाळा उघडकीस आला. एका मैदानात कमावलेले शहाणपण दुसऱ्या मैदानात चालेलच, असे नाही.

तेव्हा उमेदवाराने किती वर्षे कोणती खुर्ची सांभाळली, एवढेच विचारून भागत नाही. अडचणीच्या वेळी त्याने कोणता निर्णय घेतला? चुकल्यावर मार्ग बदलला का? आपल्याहून जाणत्या माणसाला जवळ बसवण्याइतके मन मोठे आहे का? ही उत्तरे त्याच्या भूतकाळातच सापडतात. मतदाराने पावसाळे जरूर मोजावेत. पण त्या पावसात त्याने काय पेरले आणि काय उगवले, तेही बांधावर उभे राहून पाहावे.