गीतगोविंदातील खंडितेचा उपालंभ : वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती

प्रास्ताविक
बाराव्या शतकातील जयदेवाच्या 'गीतगोविंद' या संस्कृत काव्यात १२ सर्ग व २४ गीते आहेत. आठव्या सर्गातील सतरावे गीत राधेच्या उपालंभाचे आहे. रात्र सरल्यावर आलेल्या कृष्णाच्या अंगावर तिला अन्य स्त्रीच्या सहवासाच्या खुणा दिसतात. काव्यशास्त्र अशा नायिकेस 'खंडिता' म्हणते. तिचा रोष शब्दार्थाइतकाच रचनाबंधातूनही प्रकट होतो.

मात्रारचना
हे गीत अक्षरसंख्येवर नव्हे, तर मात्रांवर बेतलेले आहे. पहिल्या कडव्याची प्रत्येक ओळ २८ मात्रांची असून ती चार मात्रांच्या सात गणांत विभागते. ध्रुवपदाची पहिली ओळ मात्र ३० मात्रांची आहे. तीत आरंभीच्या चार मात्रांनंतर 'याहि' (जा) ही आज्ञा प्रत्येकी एका संबोधनासह दोनदा येते. त्यामुळे ३+४ अशा सात मात्रांची दोन आवर्तने होतात व नंतर चार मात्रांची चाल पूर्ववत होते. राधेचा ढळलेला तोल असा छंदातच ऐकू येतो.

यमक
ध्रुवपदाच्या ओळी 'वाद' आणि 'विषाद' या शब्दांच्या यमकाने बांधल्या आहेत. कपटी बोलणे पुरे, तुझा विषाद हरणारीकडेच जा, असा त्यांचा आशय आहे. विषाद कृष्णाचा म्हटला असला, तरी तो भोगते राधा. यमकामुळे हा उपरोध अधिक तीव्र होतो.

पुनरावृत्ती
जागरणाने लाल झालेले डोळे, काजळाने काळवंडलेले ओठ, नखक्षते, छातीवरील अळित्याचा रंग असा एकेक पुरावा कडव्यागणिक पुढे येतो. पुढे राधा कृष्णाच्या मनासही त्याच्या देहासारखेच काळे ठरविते. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद तेच राहते. परंतु प्रारंभी संताप वाटणारी आज्ञा हळूहळू हताशेची होते. शिवाय 'जा' हे वारंवार सांगावे लागणे हेच राधेचे मन त्याला सोडू शकत नसल्याचे द्योतक आहे.

निष्कर्ष
अनेक छापील प्रतींत ध्रुवपद एकदाच पूर्ण दिलेले असते. अध्यापनातही ते एकदाच वाचले, तर गीत केवळ आरोपांची यादी उरते. गीतानंतरच्या शिखरिणी वृत्तातील श्लोकात राधा शोकाहूनही अधिक लज्जा व्यक्त करते. ही परिणती समजण्यासाठी ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर मोठ्याने म्हटले जाणे आवश्यक ठरते.