गाडीतला खर्ज : खर्च करण्याआधी

वसमतहून नांदेडला लग्नाला निघालं, की गाडीत गाणी हवीतच. पण ढोलकीचा 'धुम्' ऐकूच येत नाही, नुसतं चिरचिरतं! मग घरचे म्हणतात, "डिकीत मोठा वूफर बसवू." थांबा, मैत्रिणींनो. पैसे मोजण्याआधी एवढं करून पाहा.

तारा : बॅलन्सचं बटण एका बाजूला पूर्ण फिरवा, मग मध्यावर आणा. मध्यावर खर्ज उलट कमी झाला, तर एका स्पीकरच्या अधिक-उण्याच्या तारा उलट जोडलेल्या असाव्यात. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो नि खर्ज विरतो. मेकॅनिककडून तारा बदलून घ्या.

दारं : स्पीकरभोवती फट राहिली, की त्याच्या पाठीमागचा आवाज पुढच्याला खाऊन टाकतो. फट बुजवा, स्क्रू घट्ट करा.

जागा : मागच्या काचेखालच्या फळीवर सुटे स्पीकर मुळीच ठेवू नका. अचानक ब्रेक लागला, तर ते मुलांच्या डोक्यावर यायचे!

आणि आवाज? शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागलं, की समजा तो जास्त झाला. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असं मानतात. ८८ झाला, की मुदत ४ तासांवर येते. गाणं घुमावं, पण चिमुकले कान सांभाळून, बरं का!