मुका मार

‘मुका मार’ हा शब्द आपल्याकडे धीर देण्यासाठी वापरला जातो. बैलाने ढुशी दिली, कोणी ट्रॉलीवरून खाली आले, मोटारसायकलचे हँडल छातीत बसले, आणि रक्त काही दिसले नाही, की भोवतालची मंडळी म्हणतात, “काही नाही, मुका मार आहे. हळद लावा, शेक द्या!” परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरीसारख्या गावात हे नवलाचे नाही. परंतु छातीच्या बाबतीत हा धीर फार महाग पडतो.

बरगड्यांच्या बारा जोड्यांचा पिंजरा आणि त्यात दोन फुप्फुसे. फुप्फुस व पिंजरा यांच्यामधल्या जागेत हवा नसते, म्हणूनच फुप्फुस फुललेले राहते. मोडलेल्या बरगडीचे टोक त्यात घुसले की हवा त्या जागेत झिरपते. कधी कधी ती आत जाते, पण बाहेर येत नाही. झडपच म्हणा ना! मग प्रत्येक श्वासागणिक दाब वाढतो, फुप्फुस चेपते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. मघाशी बोलत असलेला माणूस काही मिनिटांत काळानिळा पडतो.

अशा वेळी डॉक्टर क्ष-किरण चित्राची वाट पाहात नाहीत. ते छातीवर बोटाने ठोकून पाहतात. ही विद्या 1761 साली ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने प्रसिद्ध केली. हा सराईवाल्याचा मुलगा. पिंपे ठोकून आतले मद्य किती ते पाहण्याची रीत त्याने घरीच पाहिली असावी, असे सांगतात. आपल्या बायका रॉकेलचा डबा तसाच तर ठोकून पाहात! हवा कोंडली असेल तर ती बाजू ढोलासारखी वाजते, रक्त साचले असेल तर बद्द. दोन्हींत श्वासाचा आवाज मंदावतो. मानेच्या शिरा मात्र बहुधा निराळे सांगतात: कोंडलेल्या हवेने त्या टचटचीत फुगतात, रक्त गेल्याने बसतात. छातीच्या एका बाजूत दीड लिटरहून अधिक रक्त बाहेर थेंबही न दिसता साचू शकते. कोंडलेली हवा सुईने मोकळी करून पुढे नळी घालतात. हे काम शिकलेल्या हातांचेच.

मग आपण काय पाहावे? श्वास मोजावा. मिनिटाला तीसच्या आसपास गेला, ओठ निळसर झाले, छातीचा एक तुकडा श्वास घेताना उलट आत जाऊ लागला, तर क्षणभरही थांबू नये. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या न मोडताही आतले फुप्फुस चेंगरते. म्हाताऱ्यांचे उलटे: दुखते म्हणून खोकत नाहीत, कफ साठतो आणि न्युमोनिया होतो.

छाती कापडाने करकचून बांधू नये. रुतलेली वस्तू उपसू नये. हवा ओढणारी जखम घट्ट बंद करू नये, हळद तर मुळीच भरू नये. चहापाणीही नको, हे आमच्या प्रेमळ मंडळींना पटवणे सर्वांत अवघड!

108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसांना नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. डॉक्टरांना मात्र तीन गोष्टी सांगाव्यात: मार किती वाजता लागला, कशाचा लागला, आणि तेव्हापासून श्वास वाढत गेला की तसाच राहिला.